आधी डुलणं, मग गळणं

हेरॉन हार्बर
मंगळवार, ७ ऑक्टोबर

एमेट,

हे पत्र मी जूनमध्ये लिहायला घेतलं होतं. तुझं नाव लिहून स्वल्पविराम दिला, तेवढ्यात शेजारच्या दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं उडाल्या. त्या धरायला धावले. चादरींच्या मालकिणीनं जेवायला बसवलं, मग तिच्याकडेच तीन आठवडे चेरी तोडल्या, आणि तो कागद कुठं गेला कुणास ठाऊक. ऑगस्टमध्ये पाकीट विकत आणलं. त्यात सध्या मुळ्याचं बी आहे. पण कारण चादरी नव्हेत आणि बीही नव्हे. तुला लिहायचं म्हटलं की पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकावं लागेल असं वाटतं, आणि ती पहिली ओळ काही केल्या येत नाही. म्हणून आज दुसऱ्या ओळीपासून सुरू करते.

कमोड डुलतोय आणि बुडाशी पाणी झिरपतंय. खाली पाइपाच्या तोंडावर मेणाचं कडं घालू की रबराचं?

हस खुशाल. दोन वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात हे. तू मला भिंगरी म्हणायचास ते उगीच नाही.

मी पुलाच्या पलीकडे आहे. हो, त्याच पुलाच्या. तू बारा वर्षांचा असताना बाबांनी आपल्याला त्यावरून नेलं, आणि मधल्या पट्ट्यातल्या लोखंडी जाळीतून खालचं पाणी दिसलं तेव्हा तू प्लंबिंगच्या व्हॅनमध्ये मागं जाऊन पाइपांच्या मधोमध आडवा झालास. परतताना बाबांनी तुझ्या डोक्यावर रिकामी बादली घातली होती, आठवतं? भित्र्यांची गाडी पुलापार नेऊन द्यायला तिथं माणसं नेमलेली असतात, पण मोठा झाल्यावर तू म्हणालास, आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस अर्धा मेलेला समजावा. खोटं कशाला बोलू, मी इथवर आले त्यात त्या पुलाचा मोठा वाटा आहे. इथं तू येणार नाहीस याची खात्री होती.

घर एनो कोस्केला यांचं. वय चौऱ्याऐंशी. अख्खं गाव त्यांना उक्की म्हणतं, म्हणजे आजोबा, म्हणून मीही म्हणते. तीस वर्षं ते तळ्यावरच्या खनिजाच्या बोटींवर आचारी होते. पलीकडचा काठ दिसत नाही तरी इथले लोक त्याला तळंच म्हणतात. मी वरच्या खोलीत राहते आणि त्या बदल्यात लाकडं फोडून रचून ठेवते. सकाळी धुकं इतकं असतं की माझ्या खिडकीतून फक्त बर्चची पिवळी पानं दिसतात, झाडं नाहीत. पानं तशीच हवेत थांबलेली. मग हळूहळू त्यांच्या खाली खोड उगवतं.

तर कमोड. खाली न्हाणीघरात आहे, खिडकीतून थेट तळं दिसतं. बसलं की डावीकडे कलतो, मग उजवीकडे. पहिल्या दिवशी मी किंचाळले. उक्की स्वयंपाकघरातून ओरडले, "घाबरू नकोस, लाट आहे!"

त्यांना ते डुलणं आवडतं रे. रोज सकाळी दार किलकिलं ठेवून तासभर आत बसतात, गुणगुणतात. मी म्हटलं, "उक्की, हे दुरुस्त करायला हवं." तर म्हणाले, "तीस वर्षं मी हलत्या जमिनीवर अंडी तळली. स्थिर जागी माझं पोट साफ होत नाही."

गोष्ट एवढ्यावर असती तर मी तुला लिहिलं नसतं. पण त्यांची मुलगी कायसा १९ तारखेला, रविवारी येणार आहे. ती सात तासांवरच्या शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. गेल्या खेपेला त्या कमोडवरून पडता पडता वाचली. जाताना मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी हे असंच दिसलं तर मी तुम्हाला गाडीत घालून नेणार. घराला कुलूप. लाडानं सांगतेय असं समजू नका." गावात सांगतात, ती बोलते तसं करते. उक्की त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा मला तुझ्याकडून एवढंच हवंय. मेण की रबर. फोन करू नकोस, माझा फोन तळ्यात आहे. भिंतीवर उक्कींचा आहे, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "मजेत आहे" निघतं आणि पुढचं सगळं खोटंच होतं.

आणि हॅलोरनबाईंच्या छताचं काही काढू नकोस. "तूच पातळ कडं दिलंस" असं मी म्हणाले ते रागात म्हणाले. बस्स, तेवढंच.

मार्नी


शुक्रवार, १० ऑक्टोबर

एमेट,

माझं आधीचं पत्र अजून वाटेतच असेल, कदाचित पुलावर. तुझ्यापेक्षा ते धीट. पण मला राहवलं नाही. आज कमोड उचलला.

पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली, तळाचं पाणी स्पंजनं टिपून घेतलं, सगळं बाबांसारखं. एक बोल्ट पटकन सुटला. दुसरा नुसताच गरगर फिरत राहिला. उक्कींनी दारात खुर्ची टाकली होती.

"सावकाश," ते म्हणाले. "बंदराला लागताना घाई केली की आदळतं."

"एक बाजू धरता का जरा?"

"मी आचारी. आचारी फक्त चव सांगतो."

शेवटी तो बोल्ट करवतीनं कापला. उचलल्यावर खाली काय दिसलं ते ऐक. पाइपाच्या तोंडाशी जी लोखंडी कॉलर असते तिचा बोल्ट धरणारा एक कान तुटलेला. म्हणून बोल्ट फिरत होता. उक्कींनी वर्षानुवर्षं जुन्या जमिनीवर नवी जमीन अंथरली आहे, तीन थर झालेत, त्यामुळे कॉलर जमिनीच्या अर्धा बोट खाली गेली आहे. भोवतीची फळी इतकी मऊ की स्क्रू-ड्रायव्हर केकमध्ये जावा तसा आत गेला. मी तो भाग कापून काढला, पाइपाच्या भोकात चिंधी कोंबली आणि पंखा लावून ठेवलाय. आता आठवडाभर आम्ही दोघं सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या, मागच्या जुन्या लाकडी संडासात जाणार. उक्की म्हणतात तिथं लाटा नाहीत पण दृश्य बरं आहे.

आता एक गंमत ऐक. गंमत म्हणावं की काय कळत नाही. जुनं मेण खरवडताना बाहेरच्या कोरड्या कडेवर एक अंगठा उमटलेला दिसला. लहान, बाईचा. रेषा न् रेषा स्पष्ट. उक्कींना दाखवला. ते चष्मा आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हातात तंबाखूची रिकामी डबी होती.

"हिल्या," ते म्हणाले. हिल्या त्यांची बायको, जाऊन अकरा वर्षं झाली. "हा कमोड आम्ही दोघांनी बसवला होता. मी उचलून धरला होता न् ती खाली झोपून सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे, अरे तुझं डावं कुठलं! मला म्हणाली, मी दाबलंय बघ नीट."

तेवढा तुकडा सुरीनं कापून त्यांनी डबीत ठेवला. डबी खिडकीत. चाळीस वर्षं तो अंगठा तिथं अंधारात होता, वर माणसं बसत होती, उठत होती, मुलगी मोठी झाली, बर्फ पडलं, वितळलं. आपण दोघं व्हॅनमध्ये मेणाच्या कड्यांची खेळणी करायचो ते आठवलं. तू अस्वल करायचास. मी नेहमी होडी. व्हॅनभर तो वास, मध नसलेल्या मधाचा. बाबा म्हणायचे, मेणाला एकदाच दाबायचं असतं पोरांनो, ते पहिला हात लक्षात ठेवतं. दुसऱ्याला ओळखत नाही.

जाऊ दे. दुकानात गेले होते. ऑर्व्होच्या हार्डवेअरच्या दुकानात माल कमी आणि कॉफी जास्त. स्टोव्हभोवती तीन जण बसले होते. मी म्हटलं, कॉलर खाली गेलीय, कुठलं कडं घालू?

"मेणाची दोन घाल, एकावर एक," पहिला म्हणाला.

"हो, आणि वर्षानं परत ये, तिसरं न्यायला," ऑर्व्हो म्हणाला.

"मग रबर?"

"रबर पुलाखालच्यांसाठी." पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लोक पुलाखालचे वेताळ म्हणतात. "तिथं कुणाला कशाची खात्री नसते."

"ही तिथलीच आहे," दुसरा म्हणाला.

"मग दे बाबा तिला रबर!"

सगळे हसले, मीही हसले, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा खाल्ला आणि काहीच न घेता आले. म्हणजे तुटक्या कानावर घालायची पोलादी पट्टी तेवढी आणली. नवी फळी बसली की ती पाइपाभोवती स्क्रूनं बसवेन. मग बोल्ट धरेल. आणि बाबांचं ते वाक्य म्हणत राहिले, आधी डुलणं थांबव, मग गळणं. डुलणाऱ्या कमोडाखाली सोन्याचं कडं घातलंस तरी गळेल.

काल स्वप्नात हे घर तळ्यात सरकत होतं. हळू, आवाज न करता. उक्की अंडी तळत होते. तू काठावर होतास, बादली घालून.

मार्नी


मंगळवार, १४ ऑक्टोबर

एमेट,

खोका आला. पत्त्यावर तुझं अक्षर पाहून मी तो पोर्चवरच फोडला. आत दोन कडी. एक मेणाचं, जाड. एक रबराचं. मध्ये वर्तमानपत्राचा बोळा. चिठ्ठी नाही.

मी बोळा उलगडून दोन्ही बाजूंनी वाचला. भोपळ्यांच्या स्पर्धेची बातमी होती. त्यात तू काही सुचवलं असशील असं वाटून दोनदा वाचली.

तू रबर पाठवलंस? ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही त्यानं रबर घालावं, असं म्हणणारा तू? रबराचं कडं उचलून परत ठेवलं तरी चालतं, दहादा ठेवलं तरी ते काही विचारत नाही, म्हणून तुला त्याचा राग यायचा. मला वाटलं टोमणा आहे. तुला ठाऊक आहे म्हणून पाठवलंस. दुपारभर लाकडं फोडली. उक्कींनी कॉफी आणून दिली. ते साखरेचा खडा दातात धरून कॉफी पितात, त्यामुळे त्यांचं बोलणं गोड आणि अस्पष्ट येतं.

"दोन का पाठवली त्यानं?" मी विचारलं.

"त्याला दिसत नाही ना इथली जमीन. म्हणून दोन."

"की मला घाबरवायला?"

"पोरी, चिठ्ठी न लिहिणारा माणूस एवढा विचार करत नसतो." मग थोड्या वेळानं, "तुला कशाची भीती वाटते त्याला ठाऊक असेल असं तुला का वाटतं?"

यावर मी कुऱ्हाड खाली ठेवली.

एमेट, पहिली ओळ सापडली. हीच ती.

हॅलोरनबाईंच्या घरी मी कमोड उचलला होता.

बाबा जाऊन सहा आठवडे झाले होते. बाबांशिवाय आपलं पहिलंच काम. तू मला कडं काढून दिलंस, म्हणालास, हे पुरेल. तू खाली गरम पाण्याच्या टाकीपाशी गेलास. मी वरच्या मजल्यावर कमोड बसवला, आणि डावा बोल्ट भोकातून वर आलाच नाही, खालीच वाकला. मी अंगठाभर उचलला, बोल्ट सरळ केला, परत ठेवला. त्याच मेणावर. नवं कडं आणायला खाली आले असते तर तू विचारलं असतंस. त्या दिवसांत तू मला दर दहा मिनिटांनी विचारायचास, जमतंय ना? मला ते सहन होत नव्हतं. जिन्यातून तू ओरडलास, "एका दमात बसला ना?" मी म्हटलं, "हो."

चार महिन्यांनी ईस्टरच्या जेवणात, झिरपून भिजलेलं छत त्यांच्या टेबलावर आलं. कुणाला लागलं नाही हे तू शंभरदा म्हणालास. आणि बाईंना तू म्हणालास, "चूक माझी. मी पातळ कडं निवडलं."

तू खरंच तसं समजत होतास. मला वाटलं होतं, मला वाचवायला म्हणतोयस. तसं नव्हतं. तू त्यानंतर बाबांनी आणि आपण बसवलेली सगळी कडी बदलत हिंडलास, घर न् घर, रविवारीसुद्धा, जाड कड्यांचा खोका घेऊन. एकही गळत नव्हतं. मी तुझ्याबरोबर येत होते आणि बोल्ट धरत होते आणि बोलत नव्हते. मग तू व्हॅनवरचं बाबांचं नाव खरवडून काढलंस, गोदामात नोकरी धरलीस, आणि आपल्या त्या शेवटच्या भांडणात तू म्हणालास, निदान तू तरी हे काम सोडू नकोस, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हा मी म्हणाले, "पातळ कडं तूच दिलंस ना?"

आणि निघून आले.

कडं बरोबर होतं, एमेट. तू निवडलेलं कडं बरोबर होतं. त्या जमिनीला तेच हवं होतं. दोन वर्षं झाली, मी रस्त्यात भेटेल त्याला हे सांगून पाहिलं. चेरीवालीला सांगितलं, एका ट्रकवाल्याला, एका पांढऱ्या कुत्र्याला. तुला सोडून सगळ्यांना.

हे आत्ताच टपालात टाकते. टाकलं नाही तर वाटेत काहीतरी दिसेल मला.

मार्नी


शनिवार, १८ ऑक्टोबर

एमेट,

मी मेण घालायचं ठरवलं होतं. नीट ऐक, हट्ट म्हणून नव्हे. म्हणजे हट्टच. एका दमात, न उचलता बसवायचा, आणि मग उठायचं. मला वाटलं तेवढं जमलं तर काहीतरी जमल्यासारखं होईल.

कॉलर खाली आहे, पण तू पाठवलेलं कडं जाड आहे, पुरलं असतं. नवी फळी बसवली, वर लिनोलियमचा तुकडा अंथरला, पोलादी पट्टी स्क्रूनं घट्ट केली. पण न्हाणीघर गार आहे, चूल फक्त स्वयंपाकघरात. मेण थंडीनं टणक झालं होतं, अशा मेणावर कमोड ठेवला तर ते पसरत नाही, तडकतं. म्हणून आज सकाळी कडं सौनाच्या बाहेरच्या कपडे काढायच्या खोलीत, खिडकीत उन्हाला ठेवलं. बाबा व्हॅनमध्ये काचेपाशी ठेवायचे तसं. उक्कींना सांगितलं, "हे मऊ व्हायला ठेवलंय हं." आणि मी डुलणं थांबवायला पाचरी आणायला गेले. वाटेत ओढ्यात एक सॅल्मन मासा उलटा पोहताना दिसला. म्हणजे उलटा नव्हता, मरायला आला होता, पण शेपटी अजून वरच्या दिशेनं मारत होता. मी त्याच्याबरोबर काठाकाठानं किती चालले कुणास ठाऊक. पोचले तेव्हा ऑर्व्होचं दुकान बंद व्हायला आलं होतं. त्याच्याकडे दोनच पाचरी उरल्या होत्या.

घरी आले तर सौनाच्या धुराड्यातून धूर. आज शनिवार. मी विसरलेच होते. इथं शनिवारी सौना पेटत नाही असं फक्त कुणी मेल्यावर होतं.

"कडं कुठंय?" मी विचारलं.

उक्की खूश होते. "तू खिडकीत ठेवलं होतंस. तिथं काय मऊ होणार? मी आत ठेवलं. सगळ्यांत वरच्या बाकावर, तुझ्या जागी."

"आत?"

"माझी आई तिथं जन्मली, माझा भाऊ तिथं जन्मला. हिल्याची कंबर तिथंच बरी झाली. सौनात नीट होत नाही असं काही नसतं, पोरी."

मी दार उघडलं. वाफेत काही दिसेना. मग दिसलं. वरच्या बाकावर कड्याच्या जागी फक्त एक चकाकता गोल डाग, आणि बाकाच्या फटींतून मेण खाली टिपटिप गळत होतं. खालच्या बाकावर, जमिनीवर. सगळीकडे तो वास, मध नसलेल्या मधाचा. मी उंबऱ्यावर उभी, आणि एक क्षण वाटलं, आपण व्हॅनमध्ये आहोत. तू माझ्या होडीवर तुझं अस्वल बसवतोयस. बाबा पुढं काहीतरी गुणगुणतायत.

उक्की मागून आले. बघितलं. एका थेंबाला बोट लावून पाहिलं.

"फार मऊ झालं," म्हणाले.

मला हसू यायला लागलं, मग ते थांबेचना, मग मी रडतेय असं उक्कींच्या लक्षात आलं. त्यांनी बर्चच्या डहाळ्यांची जुडी बादलीत बुडवून माझ्या पाठीवर हळूच मारली. "चल, आत चल. ऊब वाया घालवू नये." आम्ही खालच्या बाकावर टॉवेल टाकून मेणावरच बसलो. उक्की म्हणाले, आज पहिल्यांदा सौनात मला घसरायला होतंय.

वाफेत त्यांचा आवाज भिंतीकडून येत होता. "कायसा उद्या दोनला येईल."

"हो."

"दुकान?"

"उद्या रविवार."

"मग आता?"

"रबर आहे," मी म्हटलं.


रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळचे साडेअकरा

पुढचं लिहिते. कायसा यायला अडीच तास आहेत, आणि हात धुऊन बसलेय, तेव्हा उठायचं नाही असं ठरवलंय.

आज धुकं नव्हतं. सकाळी आधी कडं न घालता कोरडाच कमोड जागेवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिला. जमीन तळ्याकडे उतरती आहे, त्यामुळे तीन ठिकाणी पाचर लागत होती. माझ्याकडे दोन. तिसरी कुठून आणू? पोर्चवरच्या उक्कींच्या बाकाखाली एका पायाला सीडर लाकडाचा चपटा तुकडा लावलेला आहे. तो काढला. उक्की बघत होते. तो घासून पातळ केला आणि मागं सरकवला. हलवलं. काही नाही. पुन्हा हलवलं. जणू खडकावरच ठेवलाय.

मग उचलला, चिंधी काढली, रबर ठेवलं, आणि ठेवला खाली. उजवा बोल्ट वर आला. डावा नाही.

मी तिथंच बसून राहिले, खरं सांगते. न्हाणीघराची खिडकी, तळं, आणि तो डावा बोल्ट. मग तुझ्या खोक्याची आठवण झाली. मेण जाड, आणि रबर. तू रबर का पाठवलंस? तेव्हा तर तुला काही ठाऊक नव्हतं. मग ते कुणासाठी पाठवलंस? ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, तो तू झालायस का? की तुला एवढंच म्हणायचं होतं, भिंगरी, हवं तर उचल आणि परत ठेव?

मी उचलला. बोल्ट सरळ केला. परत ठेवला. कुणी जिन्यातून काही विचारलं नाही, पण मी मोठ्यानं म्हटलं, "एका दमात नाही बसला. दोन दमांत बसला."

उक्की दारातून म्हणाले, "कुणाला सांगतेस?"

आळीपाळीनं दोन्हीकडचे बोल्ट आवळले, हातानं जेवढे जातील तेवढेच. पाचरींची टोकं कापली. दहादा पाणी सोडलं. बुडाशी टिश्यूचा कागद फिरवला. कोरडा. पुन्हा फिरवला. कोरडा.

मग उक्कींना बसवलं, कपड्यांसकट, दार सताड उघडं. ते डावीकडे कलले, उजवीकडे कलले. काही झालं नाही. खिडकीतून तळ्याकडे बघत राहिले.

"कसं वाटतं?"

"बंदराला लागल्यासारखं." मग म्हणाले, "म्हणजे आता उतरायचं." त्यांचा चेहरा बघवेना. मुलीनं राहू द्यावं म्हणून मी त्यांची बोटच काढून घेतली होती. त्यांनी खिडकीतली डबी खिशात घातली आणि बाहेर गेले.

आणि पोर्चवरून मोठा आवाज आला, "अरे!"

मी धावले. उक्की बाकावर बसले होते, दोन्ही हातांनी कड धरून. पाचर काढल्यामुळे बाक डुलत होता. डावीकडे, उजवीकडे. समोर सगळं तळं.

"लाट आहे," ते म्हणाले, आणि हसले. एमेट, मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून ते तिथंच आहेत. मी स्वयंपाकघरात टेबलापाशी लिहितेय आणि बाकाचा खट्, खट् आवाज ऐकतेय. पास्टी, म्हणजे इथल्या तिखटमिठाच्या मोठ्या करंज्या, भट्टीत आहेत, कायसाला सलगम घातलेल्या आवडतात म्हणे. तिला न्हाणीघर दाखवायचं, बस म्हणायचं, काही बोलायचं नाही. ती नेणार नाही आता त्यांना. माझं मला वाटतं, नेणार नाही. आणि तू माझं मंगळवारचं पत्र वाचलं असशील. शुक्रवारी पोचलं असेल. मी टपालाचे दिवस बोटांवर मोजून पाहिले. त्याचं उत्तर नाही आलं तरी मी इथं आहे. बर्फ पडेपर्यंत तरी. त्यानंतरही कदाचित. उक्की म्हणतात गावात नऊ कमोड डुलतात, त्यांना सगळ्यांची यादी पाठ आहे.

बाक थांबला.

गाडी आलीय. कायसा लवकर आली वाटतं. नाही. या गाडीच्या मागच्या दाराची खिळखिळ मला ओळखीची आहे.

"मार्नी," उक्की बाहेरून ओरडतायत, "एक पुलाखालचा वेताळ आलाय गं! नाक तुझंच आहे!"

मी उठत नाहीये. लिहितेय, कारण लिहायचं थांबवलं तर काय करावं कळत नाही. उक्की विचारतायत, "पुलावरून आलास? स्वतः?" आणि तुझा आवाज. तुझा आवाज म्हणतोय, "व्हॅन पुलावरच्या माणसानं चालवली. मी मागं होतो." "मागं कुठं?" "पाइपांमध्ये."

तू पायऱ्या चढतोयस. दारात बूट काढायचे असतात इथं, पण तुला कोण सांगणार. मला ठाऊक आहे, तू आधी माझ्याकडे येणार नाहीस. आधी आत जाशील, गुडघे टेकशील, दोन्ही हात लावून हलवून बघशील.

बघ.

पेन ठेवते. तुझे बूट न्हाणीघराकडे वळलेत.